माफ केलेल्या एकतीस चुका

हॅमिल्टनमध्ये सुलभाताई खांबेट्यांना न घाबरणारा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांचे यजमान विश्वनाथराव आपण घाबरत नाही असं सांगतात, पण सांगण्याआधी एकदा मागे वळून बघतात. सुलभाताई इथल्या एका इस्पितळात फार्मासिस्ट आहेत. वय सत्तावन्न, उंची पाच फूट, आवाज दोन मजली. पुणं सोडून बावीस वर्षं झाली, तरी गणपतीच्या जेवणात कुणाचा मसालेभात खारट झाला तर त्या ते करणाऱ्यालाच सांगतात, तेही माइकची गरज न पडता. लोकांच्या पाठीमागे त्या कधीच बोलत नाहीत. समोरच इतकं बोलून झालेलं असतं की मागे बोलायला काही उरत नाही.

अशा बाईंच्या हातात पेन्सिल दिली की त्यांचं काय होतं, हे मात्र गेल्या उन्हाळ्यापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःलाही नीटसं नव्हतं.

पेन्सिल आली बेसबॉलमुळे. पुण्याच्या माणसाचा बेसबॉलशी काय संबंध, असं कुणीही विचारेल, आणि विचारावंच. दोष विश्वनाथरावांचा. ते डेअरी उद्योगातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळतात. बावन्नाव्या वर्षी इथल्या क्रिकेट क्लबाने त्यांना अत्यंत गोड शब्दांत अंपायर व्हायला सुचवलं. तो अपमान जिव्हारी लागला. त्याच आठवड्यात कंपनीतून निवृत्त झालेला कॉलिन भेटला. कॉलिन शनिवारच्या बेसबॉल लीगचा अध्यक्ष. सहा संघ, बायका-पुरुष एकत्र, वयाची अट नाही आणि मैदानावर उभी करायला माणसं कायम कमी. "कम अलाँग, मेट," कॉलिन म्हणाला, "हीप्स ऑफ फन." विश्वनाथराव गेले, तिसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या एकावर, उभे राहिले आणि तिथेच रुजले. थर्मासभर चहा आणि सगळ्यांचे फोन नंबर कायम त्यांच्याजवळ असायचे, म्हणून तिसऱ्या वर्षी ते रोटोटुना रोलर्स ह्या आपल्या उपनगराच्या संघाचे कॅप्टन झाले. खेळामुळे झाले असं म्हणणारा अजून भेटलेला नाही.

सुलभाताई पहिल्यांदा नुसत्या बघायला गेल्या होत्या. शेजारचा माणूस एका हाताने स्कोअरची वही भरत होता आणि दुसऱ्या हाताने सॉसेज खात होता. वहीवर सॉस सांडला. सुलभाताईंनी एक शब्द न बोलता वही त्याच्या हातातून काढून घेतली, ती आजतागायत परत दिलेली नाही. नियमांचं पुस्तक त्यांनी औषधांचे दुष्परिणाम पाठ करावेत तसं पाठ केलं आणि दोन महिन्यांत रोलर्सच्या सामन्यांच्या अधिकृत स्कोअरर झाल्या.

इथे एक गोष्ट समजावून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं रामायण कळणार नाही. क्रिकेटमध्ये फिल्डरच्या पायांमधून चेंडू गेला तर बोलर कपाळाला हात लावतो, पण धावा लागतात त्याच्याच नावावर. फिल्डरची चूक वहीत लिहायची सोयच नाही. बेसबॉलमध्ये ती सोय आहे. चेंडू सहज अडवता आला असता आणि फिल्डरने सोडला, असं स्कोअररला वाटलं तर फिल्डरच्या नावावर चूक लागते, आणि त्या चुकीपायी झालेल्या धावा पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, माथी मारत नाहीत. फटकाच चांगला होता असं वाटलं तर फिल्डर सुटला आणि धावा पिचरच्या पदरात. हे ठरवणार एकटा स्कोअरर. अंपायरसुद्धा त्यात तोंड घालत नाही.

म्हणजे दर शनिवारी विश्वनाथरावांच्या हातून चेंडू सुटायचा आणि चूक कुणाची हे ठरवायचा अधिकार त्यांच्या बायकोकडे असायचा. हा अधिकार घरोघरी असतोच, पण इथे तो लेखी होता.

आता कुणालाही वाटेल, बाईंनी नवऱ्याला सोलून काढला असेल. तोंडाने काढायच्याच. "अरे विश्वनाथ, वाक की जरा! जमिनीशी भांडण आहे का तुझं?" हे वाक्य मराठीचा गंध नसलेल्या खेळाडूंनाही पाठ झालं होतं. पण पेन्सिल टेकवायची वेळ आली की हात अडखळायचा. सोमवार ते शुक्रवार त्या इस्पितळात चुकाच नोंदवत. गोळी चुकली, मात्रा चुकली, लेबल चुकलं, की लिहा. स्वतःची असली तरी लिहा. ते काम त्या चोख करतात, कारण तिथे रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असतो. पण शनिवारी पुन्हा तेच? बोललेलं माणूस चहाबरोबर विसरतो. वहीत लिहिलं की ते लीगच्या वेबसाइटवर चढतं आणि सांगलीतल्या दिरांपर्यंत पोचतं. शिवाय क्रिकेटमध्ये कोण लिहितं असल्या चुका? माणसं हौसेने येतात, कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचा चष्मा जाड. कशाला कुणाचं मन मोडायचं, असं म्हणून त्या 'चांगला फटका' अशी नोंद करून मोकळ्या होत. ही माफी नवऱ्यालाच होती असं नाही, रोलर्सच्या सगळ्याच फिल्डरांना होती. समोरच्या संघाला ती लागत नसे. चूक व्हायला रोलर्सचा फटका आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवा ना!

पण फार्मासिस्ट बाईने चूक बघावी आणि कुठेच टिपू नये, हे होणे नाही. म्हणून माफ केलेल्या प्रत्येक चुकीच्या चौकटीत, अगदी कोपऱ्यात, त्या पेन्सिलीचा बारीक ठिपका देत. कुणाला दाखवायचा म्हणून नाही. हाताला सवय, दुसरं काय.

गेल्या ऑक्टोबरात, पृथ्वीच्या ह्या खालच्या टोकाला उन्हाळा लागताना, ऋग्वेदा संघात आली. विद्यापीठात शेवटच्या वर्षाला, जन्म इथलाच, आईवडील रोटोटुनात खांबेट्यांच्या मागच्या गल्लीत. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, आणि हात असा जबरदस्त की पहिल्याच सरावात तिचा चेंडू पकडणाऱ्याने दोनदा हातमोजा काढून तळहात जागेवर आहे ना, ते बघितलं. बॅटरला तिचा चेंडू नीट लागतच नसे. कसाबसा कडेला लागून तो जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे घरंगळत जाई. तिसऱ्या बेसवर विश्वनाथराव असत.

चौदापैकी बारा सामने रोलर्स हरले आणि सहा संघांत सहावे आले. वहीप्रमाणे फिल्डिंगमध्ये एकही चूक नाही. वहीप्रमाणे ऋग्वेदाने सामन्यामागे पाच धावा दिलेल्या. विश्वनाथरावांची वहीवर श्रद्धा. "आपली फिल्डिंग शून्य चुकांची आहे," ते संघाला सांगत, "तरी आपण हरतो. मग गळती कुठे आहे?" सगळे ऋग्वेदाकडे बघत. शेवटच्या दोन सामन्यांत तर त्यांनी तिला बाहेरच बसवलं. "मनाला लावून घेऊ नकोस हं, बाळा," ते म्हणाले. "नंबर्स आर नंबर्स." सुलभाताई जवळच होत्या. त्यांना आत काहीतरी टोचलं, पण ते त्यांनी ॲसिडिटीवर ढकललं.

मार्चमधला शेवटचा सामना संपला तेव्हा ऋग्वेदा पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून आपल्या गाडीच्या उघड्या डिकीत बसली होती. तिने सुलभाताईंच्या हातात एक पिशवी दिली. आत तिचे बूट आणि हातमोजा होता.

"काकू, हे क्लबला द्याल? आय'म डन."

"डन म्हणजे? परीक्षा आलीय का?"

"नो. आय'म जस्ट नॉट गुड. मला वाटायचं आय वॉज, बट फाइव्ह रन्स अ गेम..." तिने खांदे उडवले. "यू रोट इट, काकू. यू नो."

 पिशवी मांडीवर घेऊन सुलभाताई गाडीत बसल्या आणि घर येईपर्यंत विश्वनाथरावांना एकदाही 'हळू चालव' म्हणाल्या नाहीत. विश्वनाथरावांना वाटलं, ब्लड प्रेशर वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही उघडली आणि ठिपके मोजले. एकतीस. त्यांतले एकोणीस तिसऱ्या बेसचे. मग लहान मुलाच्या औषधाची मात्रा काढतात तसं तीन-तीनदा तपासत त्यांनी प्रत्येक डाव पुन्हा मांडला. ऋग्वेदाच्या नावावर बारा सामन्यांत साठ धावा होत्या. त्यांतल्या छत्तीस तिच्या नव्हत्याच. उरल्या चोवीस, म्हणजे सामन्यामागे दोन. लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही पिचरचा आकडा तीनच्या खाली नव्हता. सुलभाताईंना रडू फुटलं. आपण ज्याला चांगुलपणा समजत होतो, त्याची शिक्षा एक मुलगी पाच महिने भोगत होती, आणि आपण तिच्यापासून वीस पावलांवर बसून चहा पीत होतो. स्वतःचा इतका राग त्यांना आजवर कधी आला नव्हता.

नियम त्यांना पाठ होता. मोसमाच्या शेवटच्या बैठकीआधी स्कोअररला आपला निर्णय बदलता येतो, मात्र फिल्डिंग करणाऱ्या संघाच्या कॅप्टनने त्यावर सही करायला हवी. बैठक मंगळवारी होती. कॅप्टन शयनगृहात आरशासमोर उभे होते.

कारण असं, की लीगमध्ये सर्वोत्तम क्षेत्ररक्षकालाही बक्षीस असतं, आणि अख्ख्या मोसमात शून्य चुका फक्त रोलर्सच्या होत्या, त्यांतही सर्वांत जास्त चेंडू विश्वनाथरावांकडे आलेले. कॉलिनला धीर निघाला नाही आणि त्याने ही बातमी आधीच फोडली. मग विश्वनाथरावांनी माउंट वेलिंग्टनच्या मॉलपर्यंत दीड तास गाडी हाकून नवा ब्लेझर आणला. सांगलीच्या बाळदादांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाने, कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला जुना फोटो टाकला. तो बघून दोन नातेवाइकांनी श्रद्धांजलीही वाहून टाकली.

"विश्वनाथ, बस जरा."

"ब्लेझरला चुण्या पडतील गं."

"पडू देत."

त्यांनी सगळं सांगितलं, मुळीच साखर न लावता. विश्वनाथराव आधी हसले. मग वही ओढून घेऊन एकेका ठिपक्यावर बोट ठेवत भांडू लागले.

"हा वाकडा उडाला होता."

"मैदान सपाट होतं. वाकडा तू होतास."

"इथे माझ्या डोळ्यांवर ऊन आलं होतं."

"त्या दिवशी ढग होते. मी स्वेटर घालून बसले होते."

बाराव्या ठिपक्यापाशी त्यांचं भांडण संपलं. "म्हणजे पाच महिने तू माझ्यावर दया करत होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तोंडावर एवढं बोलतेस, मग लिहायला काय झालं होतं?"

"तोंडावर बोललेलं तू मनावर घेत नाहीस. लिहिलेलं घेतलं असतंस."

 विश्वनाथरावांनी ब्लेझर काढून पलंगावर ठेवला. "मी तिला बाहेर बसवलं," ते म्हणाले. "चेंडू मी सोडत होतो आणि बसवलं तिला. वर बाळा म्हणालो." त्यांचा चेहरा बघवत नव्हता, आणि सुलभाताईंनी तो मुद्दाम बघितला.

सहीसाठी पेन हातात घेतल्यावर ते पुन्हा वही चाळायला लागले. सुलभाताईंना वाटलं, आता हा पाय मागे घेणार. पण त्यांनी जानेवारीतल्या एका कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथे ठिपका नाही."

"तो फटका खरंच चांगला होता."

"नव्हता. माझी पाठ होती तुझ्याकडे, म्हणून दिसलं नसेल. हातात आलेला चेंडू होता तो. मी आधीच पुढे कुणाला फेकायचा ते बघत होतो." त्यांनी पेनानेच ठिपका दिला. "वीस कर माझ्या."

त्या एका ठिपक्याने आणखी एक धाव ऋग्वेदाच्या नावावरून उतरली आणि आकडा दोनच्या खाली आला, एक पूर्णांक नऊ दशांश. विश्वनाथरावांनी सही केली. सांगलीला काय कळवायचं, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवसावर टाकला.

मंगळवारी संध्याकाळी पाचला क्लबच्या खोलीत सहा कॅप्टन आणि कॉलिन जमले. स्कोअररला मत नसतं, तोंड असतं. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक कुणाला, ते ठरवायचं होतं. पहिल्या आलेल्या संघाचा जेरेमी हा आवडता उमेदवार. चेंडू लांब मारायचा, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवायचा, ज्याच्यावर चटकन रागावताही येऊ नये असा माणूस. सुलभाताईंनी सुधारलेली वही टेबलावर ठेवली आणि स्वतःचा गुन्हा दोन वाक्यांत कबूल केला.  कॉलिनने चष्मा पुसला.

पण आकडे बदलले तरी कॉलिनचं मत जागचं हललं नाही. हा करंडक संघाला सर्वांत जास्त उपयोगी पडलेल्या माणसाचा, आणि उपयोग झाला की संघ वर जातो, असं त्याचं म्हणणं. जो संघ तळाला गेला, त्यातला माणूस कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नक्की झाला कुठे? एक कॅप्टन त्याच्या बाजूने म्हणाला, जेरेमीने विजेतेपद पणाला लागलेलं असताना फटके मारले, रोलर्सच्या सामन्यांत कसलं आलंय दडपण?

"दडपण नव्हतं?" सुलभाताई म्हणाल्या. "आपण टाकलेला चेंडू ह्याच्याकडे जाताना एकदा बघा, मग सांगा." हा म्हणजे नवरा. नवऱ्याने मान डोलावली. "जेरेमीच्या मागेपुढे आठ धड माणसं होती. तिच्या मागे हा होता. तिने आपलं काम केलं, ह्याने केलं नाही, आणि तुम्ही दोघांना एकाच तराजूत घालून म्हणता, संघ हरला."

नदीपलीकडच्या संघाची कॅप्टन एक नर्स होती. तिने सरळ विचारलं, "पहिल्या आलेल्या संघाला ढाल मिळतेच आहे. करंडकही संघ बघूनच द्यायचा असेल, तर दोन वस्तू कशाला बनवल्या?" कॉलिनने सरळ मतदान घेतलं.

तीन विरुद्ध तीन. विश्वनाथरावांनी आपलं मत ऋग्वेदाला दिलं. निर्णायक मत अध्यक्षांचं. "सुंदर आकडे आहेत, सुलभा," कॉलिन हळूच म्हणाला, "पण मी जेरेमीबरोबर." क्षेत्ररक्षणाचं बक्षीस दोनच चुका केलेल्या दुसऱ्या कुणाला गेलं. विश्वनाथरावांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या खऱ्या होत्या. सुधारलेली वही वेबसाइटवर चढेल असं ठरलं आणि 'स्वीट ॲज', म्हणजे झकास, असं म्हणून कॉलिनने बैठक संपवली. सुलभाताई एवढ्या चिडल्या होत्या की निघताना कुणालाच काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे सगळेच हादरले.

शनिवारी दुपारी पिशवी आणि आकड्यांचा कागद घेऊन खांबेटे मागच्या गल्लीत गेले. हॅमिल्टनची माणसं मागच्या गल्लीतही गाडीनेच जातात. विश्वनाथराव गाडीतून उतरलेच नाहीत. सीटबेल्टही तसाच.

दार ऋग्वेदाने उघडलं. सुलभाताईंनी दारातच उभं राहून ठिपके, माफी, सही आणि करंडक असं सगळं ओळीने सांगितलं. ऋग्वेदाने कागद वाचला. परत वाचला.

"वन पॉइंट नाइन?"

"हो."

"द होल सीझन?"

"हो. पण करंडक जेरेमीला गेला. शेवटच्या संघाला देत नाहीत म्हणे."

"आय डोन्ट केअर अबाउट द कप!" तिचा आवाज एकदम चढला. "काकू, मी रडायचे. एव्हरी सॅटर्डे. घरी येऊन. यू वर नाइस टु एव्हरीबडी एल्स!"

सुलभाताईंकडे सांगण्यासारखी दहा कारणं होती. त्यांनी एकही सांगितलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "तुझ्या जिवावर चांगली झाले मी. चुकलं माझं."

ऋग्वेदाने डोळे पुसले, पिशवी हिसकावून घेतली आणि जांडल्स आपटत गाडीपाशी गेली. काच ठोठावली. विश्वनाथरावांनी ती चार बोटं खाली केली.

"काका. आउट. गेट युअर ग्लव्ह."

"आत्ता? माझं जेवण झालंय गं नुकतंच."

"नाऊ."

गल्लीच्या टोकाला मोकळं मैदान आहे. तिथे तिने काकांना चाळीस पावलांवर उभं केलं आणि जमिनीवरून सणसणीत चेंडू टाकायला लागली. पहिला त्यांच्या पायांमधून गेला. दुसरा नडगीवर बसला. तिसरा सरळ हातमोज्यात आला, आणि आलेला पाहून विश्वनाथराव इतके हरखले की तो तिथून निसटला. सवयीने त्यांनी कडेला उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

"चूक!" सुलभाताई ओरडल्या. कुत्री फिरवणारे दोघे जण थांबून बघायला लागले.

ऋग्वेदा त्यांच्याकडे वळली. "थँक यू," ती म्हणाली, आणि तिने चौथा चेंडू उचलला.